कठीण आणि क्लिष्ट : इंग्रजी वृत्तपत्रांतील गूढ शब्दकोड्यांच्या समीक्षेचा एक निकष

प्रस्तावना

वृत्तपत्रातील शब्दकोडे हा समीक्षेचा विषय होऊ शकतो काय, असा प्रश्न प्रथमदर्शनी पडणे स्वाभाविक आहे. चहाबरोबर सोडवावयाचा आणि सायंकाळी रद्दीत जावयाचा हा मजकूर. त्यास निकष कोणते लावावयाचे? तथापि ब्रिटनमधील वृत्तपत्रांत गेल्या शंभर वर्षांत ‘क्रिप्टिक क्रॉसवर्ड’ या नावाने जो प्रकार विकसित झाला, त्याने आपले रचनाकार, आपले संप्रदाय, आपले नियमग्रंथ आणि आपले वादही निर्माण केले आहेत. जेथे संप्रदाय आणि वाद असतात, तेथे समीक्षा टाळता येत नाही.

या कोड्यांविषयी जे अभिप्राय व्यक्त होतात, त्यांत बहुधा दोनच गोष्टी आढळतात : ते सोडवावयास किती वेळ लागला आणि ते आवडले की नाही. या दोन्हींतून कोड्याची योग्यता कळत नाही. विशेषतः कोडे अवघड असले म्हणजे ‘अवघड म्हणून श्रेष्ठ’ आणि ‘अवघड म्हणून अन्यायाचे’ असे परस्परविरोधी निर्णय एकाच कोड्याविषयी दिले जातात. काठिण्य आणि क्लिष्टता या दोन भिन्न गोष्टी आहेत, त्यांतील भेद नेमका सांगता येतो आणि तो सांगण्याची परिभाषा आपल्या काव्यशास्त्रात उपलब्ध आहे, हे प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे. ‘क्लू’ या शब्दासाठी येथे ‘संकेत’ आणि ‘सेटर’साठी ‘कोडेकार’ हे शब्द योजले आहेत.

संकेताची घडण

आर्थर विन यांनी २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या पत्रात पहिले शब्दकोडे प्रसिद्ध केले. त्यातील संकेत सरळ होते : अर्थ द्यावयाचा, शब्द ओळखावयाचा. मराठी वृत्तपत्रांतील शब्दकोडी प्रामुख्याने याच वळणाची आहेत. गूढ शब्दकोड्यातील संकेत मात्र दुहेरी असतो. त्याच्या एका टोकास उत्तराचा अर्थ असतो आणि उरलेल्या भागात त्याच उत्तराची अक्षरशः घडण सांगितलेली असते. हे दोन भाग कोठे जोडले आहेत, ते मात्र सांगितलेले नसते. उलट दोन्ही मिळून एक तिसरेच, स्वाभाविक वाटणारे वाक्य तयार होते आणि ते वाचकाला भलतीकडे नेते.

इंग्रजी न जाणणाऱ्या वाचकालाही ही रीत कळावी म्हणून एक मराठी संकेत रचून पाहू : ‘माकड किंवा पुरुष (३)’. वाक्य म्हणून वाचल्यास ‘किंवा’ हे उभयान्वयी अव्यय दोन पर्याय पुढे ठेवते आणि वाचक दोहोंना समान असा शब्द शोधू लागतो. परंतु संकेताचा सांधा ‘माकड’ या शब्दानंतर आहे. ‘किंवा’ म्हणजे ‘वा’, ‘पुरुष’ म्हणजे ‘नर’. दोन्ही जोडून ‘वानर’, आणि वानर म्हणजे माकड. संकेतातील तिन्ही शब्दांना काम आहे, एकही शब्द फुकट नाही आणि उत्तर सापडल्यावर दुसरे उत्तर संभवत नाही.

दुसरा संकेत : ‘हात सरकारला द्यावा लागतो (२)’. येथे घडण नसून दोन अर्थ शेजारी ठेवले आहेत. हात म्हणजे ‘कर’ आणि सरकारला द्यावा लागतो तोही ‘कर’. तिसरा : ‘विमानतळात मिळणारा आदर (२)’. येथे ‘विमानतळ’ या शब्दाच्या पोटातच ‘मान’ आहे. याखेरीज अक्षरपालट, शब्द उलटा वाचणे, एका शब्दात दुसरा बसविणे अशा अनेक रीती आहेत. वाल्या कोळ्याच्या कथेतील ‘मरा’चा ‘राम’ होणे हे ज्यास माहीत आहे, त्यास यातील तत्त्व नवे नाही.

टॉर्केमाडा ते झिमेनीझ

इंग्रजी कोडे पूर्णपणे गूढतेकडे वळले ते एडवर्ड पॉइस मॅथर्स (१८९२-१९३९) यांच्यामुळे. १९२६ पासून मृत्यूपर्यंत त्यांनी ‘ऑब्झर्व्हर’ या साप्ताहिक पत्रात ‘टॉर्केमाडा’ या नावाने कोडी रचली. हे नाव स्पॅनिश इन्क्विझिशनच्या पहिल्या महान्यायाधीशाचे. इन्क्विझिशन हा शब्द गोव्याच्या इतिहासामुळे मराठी वाचकाला परिचित आहे. वाचकाचा छळ हाच आपला व्यवसाय, हे कोडेकाराने नावातच मान्य केले होते. मॅथर्स मुळात कवी व अनुवादक. बिल्हणाच्या ‘चौरपंचाशिके’चे ‘ब्लॅक मॅरिगोल्ड्स’ हे स्वैर इंग्रजी रूपांतर त्यांनीच १९१९ मध्ये केले. त्यांच्या कोड्यांत हा साहित्यिक पिंड स्पष्ट दिसतो. त्यांचा संकेत विद्वत्तापूर्ण आणि पुष्कळदा काव्यमय असे. मात्र वाचकाने तोच ग्रंथ वाचलेला असावा, तोच दुर्मीळ शब्द जाणावा, ही अपेक्षा त्यात असे. उत्तर लिहूनही ते बरोबर आहे की नाही याचा निर्णय होऊ नये, ही स्थिती त्यातून संभवते.

त्यांच्यानंतर ती जागा डेरिक सॉमरसेट मॅकनट (१९०२-१९७१) यांच्याकडे आली. ते ‘क्राइस्ट्स हॉस्पिटल’ या शाळेत ग्रीक व लॅटिनचे अध्यापक होते. त्यांनीही एका इन्क्विझिटराचे, ‘झिमेनीझ’ हे नाव घेतले. परंतु छळाची जागा त्यांनी न्यायाला दिली. त्याआधी ‘अफ्रिट’ या नावाने लिहिणारे ॲलिस्टर फर्ग्युसन रिची यांनी १९४९ च्या ‘आर्मचेअर क्रॉसवर्ड्स’ या पुस्तकात एक मर्यादा घालून दिली होती : वाचकाला चकविण्याची कोडेकारास पूर्ण मुभा आहे, पण शब्द जसेच्या तसे घेतल्यावर संकेताने उत्तराकडे नेलेच पाहिजे. झिमेनीझ यांनी १९६६ च्या ‘झिमेनीझ ऑन दि आर्ट ऑफ द क्रॉसवर्ड’ या ग्रंथात या मर्यादेची सविस्तर संहिता केली. त्यांचे उत्तराधिकारी जोनाथन क्राउदर १९७२ पासून ‘एझेड’ या नावाने लिहू लागले. ‘डेझा’ या इन्क्विझिटराचे नाव उलटे लिहून हे टोपणनाव साधले आहे. या परंपरेची शिकवण थोडक्यात अशी : अचूक अर्थ असावा, घडणीचे न्याय्य दिग्दर्शन असावे आणि त्याहून अधिक काहीही नसावे.

या परंपरेने एक समीक्षापद्धतीही निर्माण केली, तिच्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. झिमेनीझ वाचकांना एखादा शब्द देऊन त्यावर संकेत रचण्यास सांगत आणि आलेल्या संकेतांवरील आपले अभिप्राय छापील पत्रकाद्वारे स्पर्धकांस पाठवीत. कोणता संकेत का सरस, कोणता का बाद, याची कारणे त्यात असत. एझेड यांनी ही पत्रके पुढे चालू ठेवली. निर्णयासोबत कारण देणे ही समीक्षेची पहिली अट होय आणि ती येथे पाळली गेली.

दोषविचार

तरीही एक प्रश्न उरतो. झिमेनीझ यांचे नियम नियम म्हणून ठीक; पण ते का पाळावयाचे? नियम मोडूनही संकेत सुंदर ठरतो, असा अनुभव आहे. अशा वेळी नियमांच्या मागे जाणारे तत्त्व हवे. या ठिकाणी मम्मटाचा दोषविचार उपयोगी पडतो.

कोडे हा प्रकार आपल्या शास्त्रकारांस अपरिचित नव्हता. दण्डीने ‘काव्यादर्शा’च्या तिसऱ्या परिच्छेदात प्रहेलिकेचे सोळा प्रकार सांगितले असून पूर्वाचार्यांनी चौदा दुष्ट प्रहेलिकाही सांगितल्या असल्याचे नमूद केले आहे. म्हणजे चांगले कोडे आणि वाईट कोडे हा भेद त्या काळीही मान्य होता. संधीमुळे अर्थ झाकणारी ‘समागता’ किंवा शब्दाच्या दुसऱ्या रूढ अर्थाने फसविणारी ‘वंचिता’ पाहिली, की आजच्या कोडेकाराची हत्यारे ओळखू येतात. विश्वनाथाने मात्र प्रहेलिका रसाला बाधक म्हणून तिला अलंकारांत स्थान नाकारले. हा आक्षेप काव्यापुरता योग्य आहे. परंतु ज्या रचनेचे प्रयोजनच रसनिष्पत्ती हे नाही, तिला रसाच्या तराजूत तोलणे योग्य नव्हे. दण्डीने प्रहेलिकेचा उपयोग गोष्ठीतील विनोद, गर्दीतील गुप्त संभाषण आणि दुसऱ्यास चकविणे असा सांगितला आहे, तो या दृष्टीने अधिक नेमका आहे.

मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’च्या सातव्या उल्लासात दोषाचे लक्षण ‘मुख्यार्थाची हानी’ असे केले आहे. दोष स्वयंसिद्ध नसतो. रचनेच्या मुख्य प्रयोजनास जे बाधते ते दोष. गूढ शब्दकोड्याचे मुख्य प्रयोजन कोणते? केवळ उत्तर सापडणे नव्हे. कारण उत्तर दुसऱ्या दिवशी छापलेलेच असते. सापडलेले उत्तर हेच आणि दुसरे नाही, अशी खात्री संकेतातूनच होणे, हे ते प्रयोजन. या निश्चितीस जे बाधते ते दोष आणि जे तिला धक्का न लावता केवळ विलंब घडविते ते काठिण्य.

या दृष्टीने मम्मटाची पददोषांची यादी पाहिली असता बोधक चित्र दिसते. ‘निरर्थक’ म्हणजे केवळ भरतीचे पद. झिमेनीझ यांची ‘त्याहून अधिक काही नको’ ही अट नेमकी याविरुद्ध आहे. ‘संदिग्ध’ म्हणजे दोन अर्थांत निर्णय न होणे. कोड्यात दोन उत्तरे बसणे हा त्याचाच अवतार. ‘अप्रतीत’ म्हणजे एखाद्या शास्त्रातच प्रसिद्ध असलेले पद. टॉर्केमाडाच्या रचनेस संभवणारा दोष हाच. ‘क्लिष्ट’ म्हणजे मधल्या अनेक पायऱ्या ओलांडल्याशिवाय अर्थ न लागणे.

क्लिष्टतेचे उदाहरण घेऊ. ‘नदी उलटली, गरीब (२)’ हा संकेत निर्दोष आहे : ‘नदी’ उलटली की ‘दीन’. आता ‘नदी’च्या जागी ‘तवा’ घालू : ‘तवा उलटला, गरीब (२)’. वाक्य अधिक चटकदार झाले. तवा ही नर्मदेची उपनदीही आहे. परंतु सोडवणाऱ्याने प्रथम तवा ही नदी आहे हे आठवावयाचे, मग तवा या विशेषनामावरून ‘नदी’ या जातिवाचक शब्दाकडे जावयाचे, मग तो उलटावयाचा. आणि या मधल्या उडीची कोणतीही खूण संकेतात नाही. दीन हे उत्तर सुचले तरी ते तव्यातूनच निघाले याची खात्री देता येत नाही. हा संकेत कठीण नाही, क्लिष्ट आहे. ज्या शब्दाची अक्षरे पालटावयाची तो शब्दच न देता त्याचा केवळ पर्याय देणे हे इंग्रजी कोड्यांत निषिद्ध मानतात, त्याचे कारण हेच होय.

याउलट ‘निहतार्थ’ या दोषाचे. दोन अर्थांच्या शब्दाचा अप्रसिद्ध अर्थ योजणे म्हणजे निहतार्थ. काव्यात तो दोष, कारण प्रसिद्ध अर्थ आधी उभा राहून प्रतीतीत खंड पडतो. कोड्यात मात्र हा खंड हेच भूषण. इंग्रजी कोड्यांत ‘फ्लॉवर’ या शब्दाचा अर्थ पुष्कळदा ‘नदी’ असतो. ‘फ्लो’ म्हणजे वाहणे आणि त्याला कर्तृवाचक प्रत्यय लागला की वाहणारी. वर्णलेखन एकच, उच्चार वेगळा. वाचक फुलांची नावे आठवीत बसतो. उलगडल्यावर मात्र तक्रारीला जागा राहत नाही, कारण व्याकरण त्याच्या डोळ्यांसमोरच होते. दोषाचा गुण होतो तो मनमानीने नव्हे. मुख्य प्रयोजन बदलले म्हणून होतो.

अरॉकेरिया : नियमापलीकडे

हा निकष खरोखर उपयोगी आहे काय, हे पाहावयाचे तर झिमेनीझ यांच्या संहितेबाहेरच्या कोडेकाराकडे वळले पाहिजे. जॉन गॅलब्रेथ ग्रॅहम (१९२१-२०१३) हे धर्मोपदेशक १९५८ पासून ‘गार्डियन’साठी कोडी रचीत होते आणि १९७० पासून त्यांनी ‘अरॉकेरिया’ हे नाव घेतले. ‘टाइम्स’च्या दैनंदिन कोड्यावर कोडेकाराचे नाव छापण्याची परंपरा नाही, ‘गार्डियन’मध्ये टोपणनाव छापले जाते. या एका छपाईच्या प्रथेने कोडेकाराची शैली ओळखण्याची व तिची समीक्षा करण्याची सोय झाली.

अरॉकेरिया यांची अर्थाची व्याख्या कधी सैल असे, घडण कधी मोकळी असे. तरीही त्यांचा एक संकेत आजही उदाहरण म्हणून दिला जातो. त्यात ‘चेस्ट लॉर्ड आर्चर व्हेजिटेटिंग’ या चार शब्दांतील सव्वीस वर्ण पालटून ‘द ओल्ड व्हिकारेज, ग्रँटचेस्टर’ हे रूपर्ट ब्रूक यांच्या कवितेचे नाव मिळते. त्या कवितेतील घर पुढे कादंबरीकार लॉर्ड आर्चर यांचे निवासस्थान झाले आणि त्यांच्या खासगी आचरणावरून १९८७ मध्ये बदनामीचा गाजलेला खटला झाला. ‘आश्चर्यकारकपणे शीलवान’ अशा वरपांगी अर्थातील ‘आश्चर्यकारकपणे’ हा शब्दच अक्षरपालटाची खूण आहे. येथे व्याख्या, घडण आणि उपहास एकाच वाक्यात आले आहेत. येथे काठिण्य आहे, क्लिष्टता नाही.

नियमभंगाचे टोकाचे उदाहरण म्हणजे एच पासून ओ पर्यंतची आठ इंग्रजी अक्षरे ओळीने लिहिलेला आणि पाच वर्णांचे उत्तर मागणारा प्रसिद्ध संकेत. उत्तर ‘वॉटर’ : ‘एच टू ओ’, पाण्याचे रासायनिक सूत्र. यात स्वतंत्र व्याख्या नाही. कडक नियमानुसार तो अपुरा. परंतु उत्तर सुचताच शंका उरत नाही. मुख्य प्रयोजनाची हानी झाली नाही, म्हणून दोषही नाही. झिमेनीझ यांचे नियम निश्चितीचे उत्तम रक्षक आहेत. निश्चिती म्हणजे ते नियम नव्हेत, एवढाच याचा अर्थ.

जानेवारी २०१३ मध्ये अरॉकेरिया यांनी ‘गार्डियन’च्या कोड्यावर एक निवेदन लिहिले. त्यात आपल्या आजाराचे नाव, अवयव आणि उपचार या जागी त्यांनी केवळ कोड्यातील उत्तरांचे क्रमांक दिले. सोडवणाऱ्याने कोडे पुरे केले तेव्हा त्याला कळले की कोडेकारास अन्ननलिकेचा कर्करोग आहे आणि केवळ वेदनाशामक शुश्रूषा चालू आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते वारले. हे निवेदन साध्या गद्यातही देता आले असते. परंतु ज्या वाचकांशी त्यांचे अर्धशतकाहून अधिक काळ केवळ कोड्यांतून बोलणे होते, त्यांना ही बातमी स्वतःच्या हाताने, एकेक अक्षर भरीत, वाचावी लागली. विलंब हे येथे चकव्याचे साधन राहिले नाही. तो आशयाचा भाग झाला. कोडे रसाला नेहमीच बाधक असते काय, हा प्रश्न विश्वनाथास येथे आदराने विचारता येईल.

समीक्षकाची मर्यादा आणि मराठीचा प्रश्न

लागलेला वेळ हा निकष येथे गौण ठरतो. ‘टाइम्स’च्या १९७० मध्ये सुरू झालेल्या स्पर्धेत कोशकार जॉन साइक्स दहा वेळा विजयी झाले, त्यावरून साइक्स यांची योग्यता कळते, कोड्याची नव्हे. समीक्षकाने वेळ सांगण्याऐवजी वाट सांगावी : उत्तर आधी सुचले की घडण आधी उलगडली, मागे वळून पाहता प्रत्येक शब्दाचा हिशेब लागला काय, आणि न लागल्यास दोष कोणता.

यात एक मर्यादा मान्य केली पाहिजे. अप्रतीतता ही सापेक्ष असते. ब्रिटिश नौदलातील हुद्द्यांची आद्याक्षरे, क्रिकेटमधील बाजूंच्या खुणा, लंडनमधील भाग हे तेथील वाचकाला सहज; भारतीय वाचकाला त्यांतील क्रिकेटच तेवढे सहज. ‘लिसनर’ मालिकेसारखी कठीण कोडी ‘चेंबर्स’ हा कोश प्रमाण मानतात, त्यामागे हीच जाणीव आहे : शब्द दुर्मीळ असला तरी तो सर्वांस खुल्या असलेल्या एका ग्रंथात असावा. आपल्याकडे ‘द हिंदू’ दैनिकात भारतीय कोडेकारांची इंग्रजी गूढ कोडी प्रसिद्ध होतात, तेव्हा संदर्भांचा हा साठा बदलतो आणि परक्या वाचकावर अप्रतीततेची पाळी येते. समीक्षकाने आपण कोठे उभे आहोत हे सांगून मगच दोष द्यावा.

मराठीत हा प्रकार का रुजला नाही, याचे एक कारण लिपीत आहे. इंग्रजी चौकटीतील घरात सव्वीसांपैकी एक वर्ण असतो. मराठी घरात मात्रेसह पूर्ण अक्षर असते. त्यामुळे अक्षरपालटास वाव कमी आणि आडव्या-उभ्या शब्दांचे एखादे सामाईक अक्षर कळले की उत्तर जवळजवळ हाती येते. म्हणजे मराठीत केवळ अर्थावर चालणारे कोडे लवकर सोपे होते. परंतु वर रचलेल्या संकेतांवरून दिसते की संधी, समास, श्लेष आणि अनेकार्थी शब्द यांच्या आधाराने गूढ संकेत येथे सहज उभा राहतो. प्रमाणग्रंथाचीही उणीव नाही. दाते-कर्वे यांच्या संपादनातील ‘महाराष्ट्र शब्दकोश’ १९३२ ते १९३८ या काळात सात विभागांत सिद्ध झालेला आहे. उणीव आहे ती कारणांसह दाद देणाऱ्या वाचकाची.

समारोप

गूढ शब्दकोडे हे वाचक आणि कोडेकार यांच्यातील करार आहे. कोडेकाराने फसवावे, पण परतीची वाट मोडू नये. या करारातील काठिण्य आणि क्लिष्टता वेगळी करण्यास मम्मटाचा ‘मुख्यार्थहानी’चा विचार पुरेसा ठरतो, त्याने झिमेनीझ यांच्या नियमांचे समर्थनही होते आणि अरॉकेरिया यांच्या स्वातंत्र्याचेही. कठीण कविता, कठीण गद्य, एवढेच नव्हे तर आपण दरवर्षी काढीत असलेल्या कठीण प्रश्नपत्रिकाही याच कसोटीस उतरावयास हव्यात. उत्तर कळल्यावर वाचक किंवा विद्यार्थी ‘हे मला दिसावयास हवे होते’ असे म्हणत असेल तर रचना कठीण होती. ‘हे मला दिसणे शक्यच नव्हते’ असे म्हणत असेल, आणि ते खरे असेल, तर ती क्लिष्ट होती.